राखीव रिसिव्हरला पैसे कशाचे द्यायचे? (विल्सन, नोआ ब्राउन, जेनिंग्ज यांच्या करारांवरून)

गोदाकाठ

मार्चमध्ये एनएफएलची (अमेरिकन फुटबॉल लीग) फ्री एजन्सी उघडली, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंना कुठल्याही संघाकडे जाता येऊ लागलं, की आमच्या डॅलसकरांच्या व्हॉट्सॲप गटात दरवर्षी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, तिसऱ्या-चौथ्या रिसिव्हरवर (पास झेलणाऱ्या खेळाडूवर) एवढे पैसे उधळायचे कशाला. दुसरी म्हणते, इतका चांगला पोरगा फुकट घालवला. दोन्हीकडून पुरावा म्हणून येतात ते फक्त कॅच आणि यार्ड. राखीव रिसिव्हरच्या बाबतीत या आकड्यांवर माझा भरवसा नाही. का नाही, ते एकाच कराराची चिरफाड करून सांगतो.

सेड्रिक विल्सन. 2018 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची सात फेऱ्यांची निवड) सहाव्या फेरीत आमच्या डॅलस काउबॉइजनी घेतलेला, बॉइझी स्टेट विद्यापीठाचा. 2020 मध्ये सिॲटलविरुद्ध 107 यार्ड आणि दोन टचडाउन असा एक सामना सोडला, तर पहिल्या तीन वर्षांत डोळ्यात भरावं असं काही नाही. मग 2021 मध्ये एकदम 45 कॅच, 602 यार्ड, 6 टचडाउन. मार्च 2022 मध्ये मायामी डॉल्फिन्सनी त्याला तीन वर्षांसाठी साधारण 22 मिलियन डॉलरचा करार दिला. त्यातले 12.75 मिलियन गॅरंटीड, म्हणजे मधेच काढलं तरी मिळणारे.

आता ते 602 यार्ड आले कुठून ते बघा. आपला रिसिव्हर मायकल गॅलप मोसमाच्या पहिल्याच सामन्यात पोटरी दुखावून दोन महिने बाहेर गेला, म्हणून विल्सनला मैदान मिळालं. थँक्सगिव्हिंगला रेडर्सविरुद्ध अमारी कूपर कोविडमुळे नव्हता, सीडी लॅम डोक्याला मार लागल्यामुळे नव्हता. त्या दिवशी विल्सनचे 104 यार्ड. शेवटच्या सामन्यात ईगल्सनी प्लेऑफची जागा पक्की झाल्यामुळे स्वतःचे बहुतेक प्रमुख खेळाडू बसवले होते. आपण 51-26 जिंकलो आणि विल्सनचे 119 यार्ड, दोन टचडाउन. म्हणजे 602 पैकी 223 यार्ड या दोन सामन्यांतले. सदतीस टक्के. एका सामन्यात आपले मोठे रिसिव्हर नव्हते, दुसऱ्यात समोरचा खरा बचाव नव्हता.

मायामीनं करार केला आणि काही दिवसांतच टायरीक हिल या बड्या रिसिव्हरला ट्रेडनं आणलं. पाच पिक (ड्राफ्टमधल्या निवडीचे हक्क) मोजले आणि त्याला चार वर्षांचे 120 मिलियन दिले. रिसिव्हर जेलन वॉडल आधीपासून होताच. विल्सनसाठी जागाच उरली नाही. 2022 मध्ये 12 कॅच, 136 यार्ड. 2023 मध्ये 22 कॅच, 296 यार्ड, 3 टचडाउन. तिसरं वर्ष मायामीत झालंच नाही, 2024 मध्ये तो सेंट्सकडे गेला.

विल्सन वाईट खेळाडू आहे असं मी अजिबात म्हणत नाही. डॅलसमध्ये त्यानं आलेली प्रत्येक संधी घेतली. पण मायामीनं पैसे मोजले ते डॅलसमधल्या रिकाम्या जागेचे, आणि ती जागा काही त्याच्या सामानात बांधून फ्लोरिडाला गेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: राखीव रिसिव्हरच्या करारात पैसे द्यायचे ते कुठल्याही जर्सीत त्याच्याबरोबर जाणाऱ्या गोष्टींचे. रन प्लेला (चेंडू घेऊन धावण्याच्या डावाला) तो ब्लॉक कसा करतो, म्हणजे समोरच्याला कसा अडवतो, स्पेशल टीम्सच्या (किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या) किती तुकड्यांत उभा राहतो, बाहेरच्या दोन्ही जागा आणि स्लॉट (आतली जागा) असं सगळं त्याला येतं का, आणि आठवडाभर सरावात चेंडू न मिळता रविवारी अचानक उभं केलं तर रूट (ठरलेला धावमार्ग) अचूक धावतो का. यार्डांकडे त्यानंतर बघावं.

केदार_क

लेख आवडला, पण आकड्यांना इतकं झटकू नका. सरळ भागाकार करू. विल्सनच्या मायामीतल्या दोन वर्षांचे 432 यार्ड, गॅरंटी 12.75 मिलियन. एका यार्डाला साडेएकोणतीस हजार डॉलर. आता त्याच्याच जागी डॅलसमध्ये पुढे आलेला नोआ ब्राउन बघा. 2017 चा सातव्या फेरीतला. 2022 मध्ये 43 कॅच, 555 यार्ड, 3 टचडाउन. पुढच्या मार्चमध्ये ह्यूस्टन टेक्सन्सनी त्याला एका वर्षासाठी अडीच मिलियनच्या आसपास दिले आणि त्यानं 33 कॅचमध्ये 567 यार्ड काढले. एका यार्डाला साडेचार हजारांच्या आसपास. आदल्या वर्षीचे आकडे जवळपास सारखे असलेले, एकाच संघातून बाहेर पडलेले दोघं, आणि किमतीत हा फरक! बाजार आंधळा आहे, त्याचा फायदा घ्यायला शिका, एवढाच धडा.

गोदाकाठ

केदार, ब्राउनचं उदाहरण काढलंस ते बरं झालं, पण तेच माझ्या बाजूनं बोलतं. ह्यूस्टनमधल्या त्या 567 पैकी 153 बकनिअर्सविरुद्ध आणि पुढच्याच रविवारी 172 बेंगॉल्सविरुद्ध. पहिला सामना ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) सी. जे. स्ट्राउडनं 470 यार्ड आणि पाच टचडाउन फेकले तो. दुसऱ्यात ह्यूस्टनचा मोठा रिसिव्हर निको कॉलिन्स जायबंदी. म्हणजे सत्तावन्न टक्के यार्ड दोन रविवारांत. टेक्सन्सना हे कळत होतं. त्यांनी त्याला पुढच्या वर्षासाठी ठेवलं, पण ऑगस्ट 2024 मध्ये सोडून दिलं.

यार्डाला डॉलर किती हा भागाकार मागे वळून केलेला आहे. करार करताना पुढचे यार्ड कोणाला माहीत असतात? डॅलसमध्ये ब्राउनला इतकी वर्षं ठेवलं ते त्याच्या ब्लॉकिंगसाठी आणि स्पेशल टीम्ससाठी. अंगानं मोठा, बचावातल्या सेफ्टीला जाऊन भिडणारा. त्या कामाची किंमत अडीच मिलियन होती आणि ती रास्तच होती. वरचे यार्ड हा ह्यूस्टनचा नफा.

पाटीलबुवा

मी पुण्याहून, अलीकडेच एनएफएल बघायला लागलोय. आयपीएलमध्ये लिलावात बोली लागली की तो त्या मोसमाचा आकडा, एवढं सरळ कळतं. इथे 22 मिलियन म्हणतात आणि पुढे लगेच 12.75. मग खरा आकडा कुठला? आणि संघाला अर्ध्यावर करार तोडता येतो तर खेळाडू सही तरी का करतो?

अबोली_सान_होजे

पाटीलबुवा, राखीव खेळाडूच्या बाबतीत गॅरंटीचा आकडा हाच खरा. बाकीचा बातमीसाठी.

सायनिंग बोनस सहीबरोबर देणं होतो, पण कॅपच्या (संघाच्या वर्षाच्या एकूण पगारावरची लीगची मर्यादा) हिशोबात तो करारातल्या वर्षांवर सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. खेळाडूला मधेच काढलं तर बोनसचा न मोजलेला भाग कॅपवर येऊन बसतो, त्याला डेड मनी म्हणतात. म्हणून ज्याला बोनस मोठा त्याला काढणं महाग. तिसऱ्या-चौथ्या रिसिव्हरला बोनस लहान, आणि शेवटच्या वर्षाचा पगार बहुतेकदा गॅरंटीशिवाय. ते वर्ष कागदावर असतं, संघाला हवं असेल तरच खरं होतं.

"इतक्या मिलियनपर्यंत" अशी बातमी आली की आत इन्सेंटिव्ह असतात. आदल्या वर्षी गाठलं नव्हतं असं लक्ष्य (समजा 12 कॅचवाल्याला 40 कॅचचा बोनस) त्या वर्षीच्या कॅपमध्ये धरतच नाहीत. गाठलं तर पुढच्या वर्षीच्या कॅपमधून वळतं होतं. संघाला हे सोयीचं, एजंटलाही मोठा आकडा छापून आणता येतो. त्याखेरीज दर सामन्याचा रोस्टर (संघाची यादी) बोनस असतो. त्या रविवारी सामन्याच्या यादीत नाव असेल तरच मिळतो. बदली खेळाडूसाठी यातच पगाराचा बराच भाग अडकलेला असू शकतो.

आणखी एक नियम. लीगमध्ये चार वर्षं भरलेला खेळाडू पहिल्या सामन्याला रोस्टरवर असेल तर त्या वर्षीचा त्याचा मूळ पगार जवळपास सुरक्षित होतो. पुढे काढलं तरी तो राहिलेला पगार मागू शकतो, कारकिर्दीत एकदाच. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस अनुभवी रिसिव्हर पटापट कापले जातात आणि काही जण पहिला आठवडा उलटल्यावर परत घेतले जातात.

खेळाडू सही का करतो? कारण समोर दुसरा पर्याय बहुतेक वेळा किमान वेतनाचा असतो.

आता मूळ विषयावर. आमच्या सॅन फ्रान्सिस्को नायनर्सकडे नाव काढलेला रिसिव्हर जुआन जेनिंग्ज इथे यायलाच हवा. 2020 चा सातव्या फेरीतला, टेनेसीचा. 2023 मध्ये फक्त 19 कॅच, 265 यार्ड, एक टचडाउन. हे आकडे बघून कोणी काय दिलं असतं? पण तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) चेंडू त्याच्याकडे जातो हे इथल्या चाहत्यांना पाठ होतं, "थर्ड अँड जुआन" हे नाव त्यातूनच पडलं. रन प्लेमध्ये तो समोरच्या बचावातल्या कॉर्नरबॅकला सोडत नाही, शिट्टी वाजेपर्यंत. सुपर बोल 58 मध्ये (लीगचा अंतिम सामना) त्यानं सहकारी मॅकॅफ्रीला टचडाउन पास फेकला आणि नंतर स्वतः एक टचडाउन पकडलं. त्याच्या आधी सुपर बोलमध्ये हे दोन्ही करणारा फक्त निक फोल्स.

मार्च 2024 मध्ये संघानं त्याला दुसऱ्या फेरीचा टेंडर (खेळाडू राखण्यासाठीचा एका वर्षाचा प्रस्ताव) दिला, 4.89 मिलियनचा. मग मोसमाआधीच दोन वर्षांचा 15.39 मिलियनचा करार. त्या शरद ऋतूत त्यानं 77 कॅच, 975 यार्ड, 6 टचडाउन केले. कॅपच्या हिशोबात वर्षाला तीन टक्के! यापेक्षा बरा सौदा मला तरी आठवत नाही.

रानवारा

अबोलीताई, जेनिंग्जबद्दल तुम्ही लिहिलेलं सगळं मान्य, पण त्याचे 975 यार्ड तरी कुठून आले? रॅम्सविरुद्ध 11 कॅच, 175 यार्ड, तीन टचडाउन केले तेव्हा नायनर्सचे डीबो सॅम्युअल, किटल, मॅकॅफ्री हे तिघंही मोठे खेळाडू बाहेर होते. ऑक्टोबरमध्ये त्यांचाच रिसिव्हर आयुकचा गुडघा गेला. तीच रिकामी जागा. विल्सनची रिकामी जागा म्हणजे नशीब आणि जेनिंग्जची म्हणजे गुणवत्ता, असं कसं?

आणि गोदाकाठ, "बरोबर जाणाऱ्या गोष्टींचे पैसे द्या" या तुमच्या सूत्रावर तंतोतंत बसणारा करार दाखवू? ॲलन लझार्ड. ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, पॅकर्सकडे वर आला. लीगमधल्या उत्तम ब्लॉकर रिसिव्हरांमध्ये त्याचं नाव घेतात. 2022 मध्ये 60 कॅच, 788 यार्ड. आधी पॅकर्सकडे ऑफेन्स सांभाळलेला प्रशिक्षक हॅकेट जेट्सकडे आलेला, पॅकर्सचा क्वार्टरबॅक रॉजर्स येण्याच्या वाटेवर, म्हणजे पद्धत ओळखीची. ब्लॉकिंग आलं, सगळ्या जागा आल्या. जेट्सनी चार वर्षांचे 44 मिलियन दिले, 22 गॅरंटीड. रॉजर्स पहिल्या सामन्यात चौथ्या स्नॅपला (चौथ्याच डावाला) कोसळला आणि लझार्डचे वर्षभरात 23 कॅच, 311 यार्ड. नोव्हेंबरमध्ये डॉल्फिन्सविरुद्ध तर त्याला तब्येत ठणठणीत असताना बाहेर बसवलं. तुमचं सूत्र इथे कुठे गेलं?

गोदाकाठ

रानवारा, प्रश्न नेमका आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी जेनिंग्ज. जागा रिकामी झाली हे खरं. पण नायनर्सनी पैसे दिले ते जागा रिकामी होण्याच्या आधी, मे महिन्यात. 19 कॅचच्या माणसाला. चार वर्षं रोज सराव बघून. विल्सनला मिळाले ते जागा भरून झाल्यावर, आणि देणाऱ्यांनी त्याला एक दिवसही सरावात पाहिलेलं नव्हतं. राखीव खेळाडूची खरी माहिती त्याच्या स्वतःच्या संघाकडे असते. बाहेरच्यांकडे चित्रफीत आणि आकडे. म्हणून अशा खेळाडूचा करार त्याच्याच संघानं, मोसम फुलण्याच्या आधी करावा. बाहेरच्यानं तोच खेळाडू मार्चमध्ये घ्यायचा तर त्याला मोसमाच्या शिखराची किंमत मोजावी लागते.

दुसरं, रॅम्सविरुद्धचे 175 यार्ड म्हणजे 975 चे अठरा टक्के. राहिलेले 800 यार्ड वर्षभर पसरलेले आहेत, समोर कोणी आणि शेजारी कोणी असताना. मोठे सामने वजा करून उरतं काय, हे आधी बघावं.

लझार्डबद्दल मात्र तुमचं बरोबर नाही असं मला वाटतं. 11 मिलियन वर्षाला म्हणजे 2023 च्या 224.8 मिलियनच्या कॅपचे जवळपास पाच टक्के. ही किंमत ब्लॉकरची नाही, दुसऱ्या रिसिव्हरची आहे. त्याच्या ब्लॉकिंगला ब्लॉकिंगच्याच भावात घेतलं असतं तर कोणी ओरडलं नसतं. पुढच्या वर्षी रॉजर्स उभा राहिला तेव्हा त्यानं 37 कॅच, 530 यार्ड, 6 टचडाउन केलेच. माणूस तोच, क्वार्टरबॅक बदलला.

पैशांपेक्षा कॅपचे टक्के धरा, म्हणजे वर्षांवर्षांची तुलना जमते. विल्सन 2022 च्या 208.2 मिलियनमधले साडेतीन टक्के. जेनिंग्ज 2024 च्या 255.4 मधले तीन. ब्राउन 2023 मध्ये सव्वा टक्क्याच्याही थोडा खाली. 2025 ची कॅप 279.2 मिलियन होती, म्हणजे विल्सनचा हिस्सा त्या वर्षी दिला असता तर वर्षाला पावणेदहा मिलियन झाले असते.

निशिगंध

स्पेशल टीम्सवर कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथेच राखीव रिसिव्हरची किंमत 2024 पासून बदलली आहे.

2023 मध्ये किकऑफ (लाथेनं दिलेला चेंडू पकडून धावत) परत आणण्याचं प्रमाण बावीस टक्क्यांच्या आसपास आलं होतं. अबोलीताईंनी सांगितलेल्या त्याच सुपर बोलमध्ये एकही किकऑफ परत आणला गेला नाही. तेव्हा रिटर्नरला कोण पैसे देणार? 2024 पासून नवा किकऑफ आला आणि प्रमाण तेहतीस टक्क्यांच्या घरात गेलं. 2025 साठी टचबॅक (किकऑफ परत न आणल्यास चेंडू मिळण्याची जागा) 35 यार्डावर आणला, आणि ते आणखी वाढलं.

आता काउबॉइजचा कॅव्हॉन्टे टर्पिन. 2022 मध्ये यूएसएफएल या दुसऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून इकडे आला. 2024 मध्ये रिसिव्हर म्हणून 31 कॅच, 420 यार्ड, फक्त दोन टचडाउन. शिवाय ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तमांत निवडलेला) रिटर्नर, वॉशिंग्टनविरुद्ध 99 यार्डांचा किकऑफ रिटर्न टचडाउन. काउबॉइजनी त्याला तीन वर्षांसाठी 13.5 मिलियन दिले, इन्सेंटिव्हसह 18 पर्यंत. कॅच बघितले तर हा करार जड वाटेल. पण ऑफेन्स 35 ऐवजी 45 वरून सुरू झाला तर ते दहा यार्ड कुठल्याही रिसिव्हरच्या खात्यात जात नाहीत, संघाच्या खात्यात जातात. फील्ड पोझिशन मोजल्याशिवाय राखीव रिसिव्हरचा भाव काढूच नये. हे मी अगदी ठामपणे म्हणते.

त्यातही रिटर्नर दिसतो तरी. गनर कोणाला दिसतो? पंट झाल्यावर दोन जणांना चुकवत पन्नास यार्ड धावत जाऊन अडवणारा. सामन्याच्या यादीत जेमतेम 48 जण. पाचवा रिसिव्हर त्यात बसतो तो याच कामासाठी.

केदार_क

निशिगंध, +1. टर्पिनचा करार वर्षाला 4.5 म्हणजे कॅपचे 1.6 टक्के. माझ्या भागाकारातही बसतो.

मुक्तछंद

सगळी चर्चा एक ते पाच टक्क्यांची चाललीय. बहुतेक राखीव रिसिव्हर तिथे पोचतच नाहीत, ते किमान वेतनावर खेळतात. त्याचं गणितही समजून घ्या.

2024 मध्ये चार ते सहा वर्षं झालेल्याचं किमान वेतन 11 लाख 25 हजार डॉलर होतं. पण एका वर्षाचा किमान करार असेल तर संघाच्या कॅपवर फक्त 9 लाख 85 हजार लागतात, दोन वर्षं झालेल्या खेळाडूइतके. अनुभवी माणूस महाग म्हणून बाहेर राहू नये यासाठी ही तरतूद. ती नसती तर सहा-सात वर्षं खेळलेले कितीतरी रिसिव्हर ऑगस्टमध्येच घरी बसले असते.

याची दुसरी बाजू कॉम्पेन्सेटरी पिकची. तुमचे फ्री एजंट गेले त्यापेक्षा तुम्ही कमी घेतले तर पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीचे जास्तीचे पिक मिळतात. किमान वेतनावर आलेला किंवा दुसऱ्या संघानं कापलेला खेळाडू या हिशोबात येत नाही. पण तीन-चार मिलियनचा रिसिव्हर घेतलात तर तो तुमचा एक पिक रद्द करू शकतो. तेव्हा त्या कराराची खरी किंमत म्हणजे पगार अधिक तो पिक. विल्सन स्वतः सहाव्या फेरीत मिळाला होता, ब्राउन आणि जेनिंग्ज सातव्या. शेवटच्या फेऱ्यांचे पिक फालतू समजणाऱ्यांनी ही तीन नावं परत वाचावीत.

आणि एक मनातलं. ब्राउनला ह्यूस्टननं कापलं, वॉशिंग्टननं उचललं, आणि 27 ऑक्टोबर 2024 ला बेअर्सविरुद्ध वेळ संपलेली असताना जेडन डॅनियल्सचा 52 यार्डांचा उंच चेंडू गर्दीच्या मागे उभं राहून त्यानंच टिपला. 18-15. तो चेंडू पुढच्यांच्या हातांना लागून मागे उडणार, तिथे एकानं उभं राहायचं, हे सरावातलं काम आहे. ते काम ऑगस्टमध्ये कापलेल्या माणसानं चोख केलं. अशांना किमान वेतनाच्या वर काही मिळावं असं मला मनापासून वाटतं.

पाटीलबुवा

सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. गोदाकाठ, आता एक सरळ प्रश्न. तुम्ही 2025 मध्ये संघाचे मॅनेजर आहात. समोर विल्सनच्या 2021 सारखाच पोरगा: सव्वीस वर्षांचा, 45 कॅच, 600 यार्ड, बरेचसे दोन सामन्यांत. किती देणार?

गोदाकाठ

बाहेरचा असेल तर दोन वर्षं, साडेसहा मिलियन. पहिल्या वर्षाचे गॅरंटीड, दुसऱ्याचे नाहीत. म्हणजे ब्राउनला मिळाला तसाच कॅपचा सव्वा टक्क्याच्या आतबाहेरचा हिस्सा. वर 50 कॅच आणि 700 यार्डांचे इन्सेंटिव्ह, दीड मिलियनपर्यंत. आदल्या वर्षी ते गाठलेले नाहीत, तेव्हा यंदाच्या कॅपवर भार नाही. स्पेशल टीम्सच्या दोन तुकड्यांत खेळत असेल तर गॅरंटीत एक मिलियन वाढवीन.

आमच्याच संघातला असेल तर हा प्रश्न मार्चपर्यंत येऊ देणार नाही. आदल्या ऑगस्टमध्येच त्याला तीन वर्षांचा करार पुढे करीन, पाच मिलियन गॅरंटी.

रानवारा

आणि मायामीसारखं कोणी 12.75 गॅरंटीड घेऊन आलं तर पोरगा तुमच्याकडे थांबणार नाही.

गोदाकाठ

थांबू नये. त्यानं ते घ्यावेत. चार वर्षं घासून मिळालेली ती त्याची एकच संधी असू शकते. मी कॉम्पेन्सेटरी पिक घेऊन सहाव्या फेरीत पुढचा शोधीन.